आयनोफोर धातूचे आयन पेशीपटलापार कसे नेतात: प्रभाराच्या हिशेबाने उलगडण्याची पद्धत

आयनोफोरबद्दल वाचायला घेतलं की बहुतेक ठिकाणी एकच वाक्य भेटतं: हे छोटे रेणू धातूच्या आयनांना पेशीपटलातून पलीकडे नेतात. वाक्य खरं आहे, पण त्यावरून पुढचं काहीच सांगता येत नाही. व्हॅलिनोमायसिन आणि निजेरिसिन हे दोन आयनोफोर घ्या, दोन्ही पोटॅशियम नेतात. तरीही पहिल्यामुळे पटलावर विद्युत विभवांतर उभं राहतं, तर दुसऱ्यामुळे पेशीच्या आतला पीएच घसरतो. आयन तोच, पटल तेच, परिणाम मात्र पूर्ण वेगळे.

हा फरक समजायला एक प्रश्न पुरतो: रेणूची जाऊन-येऊन एक पूर्ण फेरी झाली की पटलापार निव्वळ किती प्रभार गेला? माझ्या मते आयनोफोर शिकवताना हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा, आणि नेमका तोच शेवटच्या परिच्छेदात ढकललेला असतो. खालच्या पायऱ्या त्या प्रश्नापर्यंत नेतात आणि मग तोच प्रश्न प्रयोगशाळेत कसा विचारायचा ते दाखवतात. आयन, पीएच आणि लॉगॅरिदम एवढी ओळख असली की पुरे.

पायरी १: आयन एकटा का जात नाही, याची किंमत काढा

पेशीपटल म्हणजे मेदाचा दुहेरी थर. त्याचा मधला तेलकट भाग जेमतेम ३ नॅनोमीटर जाडीचा असतो. अंतर काहीच नाही, अडचण ऊर्जेची आहे. पाण्यात आयनाभोवती पाण्याचे रेणू दाटीने बसलेले असतात आणि त्याचा प्रभार सांभाळून घेतात. तेलात असं सांभाळणारं कुणी नसतं. पाण्याचा विद्युत अपार्यता स्थिरांक (माध्यम प्रभाराचा जोर किती पटींनी कमी करतं तो आकडा) सुमारे ८०, तेलकट थराचा सुमारे २.

बॉर्नच्या सूत्राने ही किंमत ढोबळमानाने काढता येते. एकप्रभारी आयनासाठी ६९.५ ला नॅनोमीटरमधल्या त्रिज्येने भागा आणि (१/२ − १/८०), म्हणजे ०.४८७५ ने गुणा. उत्तर किलोज्यूल प्रति मोल मध्ये मिळतं. पोटॅशियमची त्रिज्या ०.१३३ नॅनोमीटर धरली तर उत्तर येतं सुमारे २५५. खोलीच्या तापमानाला रेणूंच्या हालचालीची ऊर्जा प्रति मोल अवघी २.५ किलोज्यूलच्या आसपास असते. म्हणजे शंभरपट उंच भिंत. इतकी उंच, की उघडा आयन आपणहून ती ओलांडेल ही शक्यता हिशेबात धरायचीही गरज नाही.

आता त्रिज्या बदलून पाहा. तोच आयन ०.७ नॅनोमीटर त्रिज्येच्या वेष्टनात गुंडाळला, तर किंमत उतरते सुमारे ४८ वर. वेष्टनाची बाहेरची बाजू तेलाला मानवणारी असेल तर त्यातलाही काही भाग भरून निघतो. आयनोफोरचं मूळ काम एवढंच आहे. त्याच्यापाशी स्वतःची ऊर्जा नसते, आयनाला कुठल्या दिशेने न्यायचं हेही तो ठरवत नाही. तो फक्त भिंत खाली आणतो.

याच सूत्रात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, तिच्यावर थोडं थांबा. प्रभाराचा वर्ग होतो. दोन धनप्रभार असलेल्या कॅल्शियमची किंमत नुसत्या प्रभारामुळेच चौपट होते, आणि त्रिज्याही लहान असल्याने १,३०० किलोज्यूलच्या वर जाते. इथे नुसतं गुंडाळून भागत नाही. म्हणून कॅल्शियम नेणारे आयनोफोर स्वतःचे ऋणप्रभार पुढे करून आधी तो प्रभारच मिटवतात. पायरी ५ मध्ये हे परत लागेल.

पायरी २: वाहक की वाहिनी, हे आधी ठरवा

आयनोफोर दोन जातींचे. वाहक आयनाला पोटात घेऊन पटलाच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला स्वतः जातो. वाहिनी पटलात आरपार उभी राहते आणि आयन तिच्यातून सरकत जातात.

वाहिनीचं नमुनेदार उदाहरण ग्रॅमिसिडिन. रेने दुबॉस यांनी १९३९ मध्ये मातीतल्या एका बॅसिलस जिवाणूपासून ज्या प्रतिजैविकाचा शोध लावला, त्यातला हा घटक. तो १५ अमिनो आम्लांचा सरळ पेप्टाइड असून त्यात डी आणि एल (एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली) रूपं आलटून पालटून येतात. त्यामुळे साखळी वळून आतून पोकळ अशी नळी होते. एक नळी अर्ध्याच पटलाला पुरते. समोरच्या थरातली दुसरी नळी तिला टोकाला टोक लावून जुळली की सुमारे २.६ नॅनोमीटर लांबीचा मार्ग उघडतो.

ओळखायचं कसं? सगळ्यात सोपी कसोटी वेगाची. ग्रॅमिसिडिनच्या एका वाहिनीतून सेकंदाला साधारण एक कोटी आयन जाऊ शकतात. एक पिकोअँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ लाख एकप्रभारी आयन, त्यामुळे एकट्या वाहिनीचं उघडणं-मिटणं विद्युतप्रवाहाच्या आलेखावर पायऱ्यांसारखं स्वच्छ दिसतं. ह्लाडकी आणि हेडन यांनी १९७० च्या सुमारास ग्रॅमिसिडिनच्या अशा पायऱ्या नोंदवल्या. व्हॅलिनोमायसिनचा एक रेणू सेकंदाला सुमारे दहा हजार आयन नेतो. वाहकांमध्ये हा वेग उत्तमच, पण प्रवाह पिकोअँपिअरच्या हजाराव्या भागाच्या घरात. एकट्या वाहकाची पायरी कधीच दिसत नाही, दिसते ती हजारो रेणूंची बेरीज.

दुसरी कसोटी थंडीची, आणि मला ती फार सुंदर वाटते. क्रॅस्ने, आयझेनमन आणि झाबो यांनी १९७१ मध्ये कृत्रिम पटल गोठवून पाहिलं. मेद गोठताच व्हॅलिनोमायसिन आणि नॉनॅक्टिन या वाहकांची वाहतूक कोसळली, ग्रॅमिसिडिनची चालू राहिली. गोठलेल्या थरातून वाहकाला हलता येत नाही, वाहिनीला हलायचंच नसतं.

पायरी ३: कोणता आयन बसतो ते पाहा

व्हॅलिनोमायसिन जवळून पाहू, कारण निवड कशी होते ते त्याच्याइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसतं. स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू तो तयार करतात आणि १९५५ मध्ये तो प्रथम वेगळा केला गेला. रचना वर्तुळाकार: चार घटकांची एक माळ तीनदा जोडलेली, एकूण बारा घटक, कड्यात ३६ अणू. त्यात सहा एस्टर बंध आणि सहा अमाइड बंध आलटून पालटून येतात.

आयन आत शिरला की कडं वळतं. सहा अमाइड गट आपसात हायड्रोजन बंध जोडून सांगाडा घट्ट करतात. सहा एस्टर गटांचे कार्बोनिल ऑक्सिजन आतल्या बाजूला वळून आयनाला सर्व बाजूंनी धरतात. मिथिल आणि आयसोप्रोपिल हे तेलप्रिय गट बाहेर राहतात. आत ऑक्सिजन, बाहेर तेल: रेणूला स्वतःपुरतं एवढंच जमवायचं असतं.

मग सोडियम का बसत नाही? तो तर पोटॅशियमपेक्षा लहान, पोकळीत सहज मावायला हवा. मावतोच, पण मावणं पुरेसं नाही. आत येण्याआधी आयनाला पाण्याचं वेष्टन सोडावं लागतं. पोटॅशियमला त्यासाठी प्रति मोल सुमारे ३२० किलोज्यूल मोजावे लागतात, सोडियमला सुमारे ४००. पोकळीतले सहा ऑक्सिजन पोटॅशियमला बरोबर भिडतात आणि हा खर्च भरून देतात. लहान सोडियमपर्यंत ते सहाही एकाच वेळी पोचत नाहीत, आणि हायड्रोजन बंधांनी ताठ झालेला सांगाडा आणखी आक्रसत नाही. सोडियमचा खर्च जास्त, परतावा कमी. म्हणून व्हॅलिनोमायसिन सोडियमच्या तुलनेत पोटॅशियमला सुमारे दहा हजार पटींनी पसंती देतो. रुबिडियम मात्र पोटॅशियमइतकाच, किंबहुना किंचित जास्तच आवडीने घेतो. रक्तातलं पोटॅशियम मोजणारे कितीतरी इलेक्ट्रोड याच निवडीवर चालतात. त्यांच्या प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यात व्हॅलिनोमायसिन मुरवलेलं असतं.

इथून व्यवहारात घ्यायचं ते एवढं. कोणत्याही नव्या आयनोफोरसाठी पोकळीचा आकार, आत वळणाऱ्या ऑक्सिजनांची संख्या आणि सांगाड्याचा ताठपणा या तिन्ही गोष्टी एकत्र पाहा. नुसत्या आकारावरून केलेलं भाकीत फसतं. चार्ल्स पेडरसन यांनी १९६७ मध्ये जाहीर केलेले क्राउन ईथर, म्हणजे ऑक्सिजनांनी आयन धरणारी कडी, हे याच तत्त्वाचे कृत्रिम भाऊबंद. त्या दिशेच्या कामासाठी पेडरसन, लेन आणि क्रॅम यांना १९८७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पायरी ४: एक फेरी कागदावर काढा

पटलाच्या दोन उभ्या रेघा ओढा आणि वाहकाच्या फेरीचे चार टप्पे बाणांनी दाखवा. काठावर आयन पकडणं, भरलेल्या रेणूचं पलीकडे जाणं, आयन सोडणं, रिकाम्या रेणूचं परत येणं.

पहिल्या टप्प्यात आयन पाण्याचं सगळं वेष्टन एकाच वेळी उतरवत नाही. पाण्याचा एक रेणू सुटतो, त्या जागी वाहकाचा एक ऑक्सिजन येतो, मग पुढचा. तो पूर्ण उघडा कधीच पडत नाही, म्हणून पायरी १ मधली भिंत एका झेपेत चढावी लागत नाही.

चौथ्या टप्प्याकडे विद्यार्थ्यांचं हमखास दुर्लक्ष होतं, पण सगळा निकाल तिथे लागतो. रेणू कसा परततो? रिकामा आणि उदासीन? की परत येताना प्रोटॉन घेऊन? बाणाशेजारी प्रत्येक टप्प्यातल्या संकुलाचा प्रभार लिहायला विसरू नका.

पायरी ५: प्रभाराचा जमाखर्च मांडा

व्हॅलिनोमायसिनवर स्वतःचा प्रभार नाही. जाताना पोटॅशियमसह तो +१, येताना शून्य. एका फेरीत एक धनप्रभार पलीकडे गेला. अशी वाहतूक विद्युतजनक.

निजेरिसिनवर कार्बोक्झिल गट आहे. प्रोटॉन सोडला की तो −१ होतो, पोटॅशियम धरला की संकुल उदासीन. पलीकडे पोटॅशियम सोडून तो प्रोटॉन उचलतो आणि पुन्हा उदासीन होऊन परततो. जातानाही शून्य, येतानाही शून्य. एका पोटॅशियमच्या बदल्यात एक प्रोटॉन, निव्वळ प्रभार काही नाही. मोनेन्सिनचंही असंच, फक्त त्याची पसंती सोडियमला.

ए२३१८७ आणि आयनोमायसिन कॅल्शियमचे वाहक. ए२३१८७ चे दोन रेणू, प्रत्येकी −१, मिळून एका कॅल्शियमला धरतात. आयनोमायसिनचा एकच रेणू दोन प्रोटॉन सोडून तेच काम करतो. दोन्हीकडे एका कॅल्शियमच्या बदल्यात दोन प्रोटॉन, आणि संकुल उदासीन. पायरी १ मधली १,३०० किलोज्यूलची भिंत अशी टळते.

विद्युतजनक वाहतुकीचा अर्थ नीट पोचायचा तर एक आकडेमोड स्वतः करून बघा. १०० नॅनोमीटर व्यासाचा एक लायपोसोम घ्या, म्हणजे मेदाच्या दुहेरी थराची बंद गोळी. आत १०० मिलिमोलर पोटॅशियम, बाहेर १ मिलिमोलर. आकारमानावरून आत सुमारे ३१,५०० पोटॅशियम आयन भरतात. आता व्हॅलिनोमायसिन टाकलं. आयन बाहेर पडू लागतात आणि प्रत्येकामागे आत एक ऋणप्रभार उघडा पडतो. शंभरपट फरकाला २५ अंश सेल्सिअसला नेर्न्स्ट समीकरणाने (संहतीतल्या फरकाला तोलून धरणारं विभवांतर सांगणाऱ्या सूत्राने) ११८ मिलिव्होल्ट विभवांतर येतं. पटलाची धारकता दर चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोफॅराड धरली, तर या गोळीवर तेवढं विभवांतर उभं राहायला किती आयन बाहेर जावे लागतात? सुमारे २३०.

३१,५०० पैकी २३०. शेकडा एकही नाही, आणि वाहतूक थांबली. वाहक थकलेला नाही, पोटॅशियमही संपलेलं नाही. आतला ऋणप्रभार आता प्रत्येक आयनाला तितक्याच जोराने मागे ओढतो आहे. "व्हॅलिनोमायसिन पोटॅशियम बाहेर काढतं" हे विधान म्हणूनच अर्धवट आहे. प्रभार भरून काढायला दुसरी वाट नसेल, तर ते विभवांतर तयार करतं आणि थबकतं. निजेरिसिनला हा अडसरच नाही, त्याच्या फेरीत प्रभार साचत नाही.

पायरी ६: वाहतूक कुठे थांबेल ते समीकरणाने सांगा

जमाखर्च मांडून झाला की समतोलाची अट आपोआप मिळते.

व्हॅलिनोमायसिन: विभवांतर पोटॅशियमच्या नेर्न्स्ट मूल्याला येतं. ३७ अंशांना ६१.५ मिलिव्होल्टला संहतींच्या गुणोत्तराच्या दशमान लॉगने गुणा. पेशीत १४०, बाहेर ५ मिलिमोलर असेल तर आतली बाजू सुमारे ८९ मिलिव्होल्टने ऋण.

निजेरिसिन: आतल्या-बाहेरच्या पोटॅशियमचं गुणोत्तर आतल्या-बाहेरच्या प्रोटॉनच्या गुणोत्तराइतकं होतं. विभवांतराचा इथे संबंधच येत नाही. याचा एक उपयोग सरळ हाती येतो: बाहेरचं पोटॅशियम मुद्दाम आतल्याइतकं ठेवलं, तर आतला पीएच बाहेरच्याइतका व्हावाच लागतो. पेशीतला पीएच दाखवणाऱ्या रंगद्रव्यांचं अंशांकन जगभर असंच करतात.

कॅल्शियमचे वाहक: कॅल्शियमचं गुणोत्तर प्रोटॉनच्या गुणोत्तराच्या वर्गाइतकं. आतला पीएच एका एककाने कमी असेल, तर समतोलाला कॅल्शियम आत शंभरपट साठू शकतं.

समीकरण अशक्य उत्तर देतं तेव्हाही ते खूप काही सांगत असतं. मायटोकाँड्रियाच्या आतल्या पटलावर १८० मिलिव्होल्टच्या आसपास विभवांतर असतं, आत ऋण. व्हॅलिनोमायसिन टाकून नेर्न्स्ट समतोल गाठायचा तर आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा साडेआठशेपट व्हायला हवं. बाहेर पेशीद्रवात ते १४० मिलिमोलर असताना आत शंभर मोलरच्या वर! असं द्रावण असूच शकत नाही. त्यामुळे आयन आत येतच राहतात, मागोमाग पाणी येतं, मायटोकाँड्रिया फुगतात, आणि विभवांतर टिकवण्याच्या धडपडीत श्वसनाचा वेग वाढतो. मूर आणि प्रेसमन यांनी १९६४ मध्ये मायटोकाँड्रियावर व्हॅलिनोमायसिनचा परिणाम अभ्यासला आणि पोटॅशियम आत ओढलं जाताना नोंदवलं. आयनोफोरच्या अभ्यासाला तिथून खरी गती मिळाली.

पायरी ७: प्रयोगाने खात्री करा

आता तोच जमाखर्च क्युव्हेटमध्ये, म्हणजे प्रकाशमापनाच्या छोट्या पारदर्शक कुपीत. आधी सुरक्षिततेचं बोलू. व्हॅलिनोमायसिन अतिविषारी आहे, त्वचेतूनही. भुकटी उघड्यावर तोलू नका. धूर-कपाटात, हातमोजे घालून, बाटलीतच इथेनॉल ओतून द्रावण करा. मोनेन्सिन कोंबड्या आणि गुरांच्या खाद्यात नियंत्रित प्रमाणात वापरतात, पण घोड्यांना तेच थोड्या मात्रेत जीवघेणं ठरतं. प्राणी बदलला की "सुरक्षित मात्रा" बदलते, हे मनात पक्कं असू द्या.

लायपोसोम तयार करणं: मेदाचा वाळवलेला पातळ थर आतल्या द्रावणात भिजवा. त्यात ५० मिलिमोलर पोटॅशियम सल्फेट, ५ मिलिमोलर हेपेस बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रव्य), पीएच ७.२, आणि पायरॅनिन हे पीएच दाखवणारं रंगद्रव्य. मग १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट गाळणीतून वारंवार दाबून काढा आणि जेलच्या स्तंभातून चालवून बाहेर राहिलेलं रंगद्रव्य वेगळं करा. बफरचा पीएच जुळवताना आतल्या द्रावणासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच वापरा, बाहेरच्यासाठी सोडियम हायड्रॉक्साइडच. बाहेरच्या द्रावणात नकळत पोटॅशियम गेलं तर शंभरपट फरक शंभरपट राहत नाही, आणि कारण सापडेपर्यंत दिवस जातो.

बफर इतका सौम्य का? पीएच ७ ला या एवढ्याशा गोळीत मुक्त प्रोटॉन किती असतात ते काढून पाहा. सुमारे तीस गोळ्या मिळून एक! पीएच बदलतो म्हणजे खरं तर बफरचे आणि रंगद्रव्याचे रेणू प्रोटॉन घेतात किंवा सोडतात. बफर दाट असेल तर शेकडो प्रोटॉन आत येऊनही काही दिसणार नाही.

दोन मिलिलिटर बाहेरच्या द्रावणात, म्हणजे ५० मिलिमोलर सोडियम सल्फेट आणि तोच बफर, २० मायक्रोलिटर लायपोसोम टाका. लायपोसोमसोबत येणाऱ्या आतल्या द्रावणामुळे पोटॅशियम बाहेर सुमारे १ मिलिमोलर होतं. पायरॅनिनला ४६० आणि ४०५ नॅनोमीटरला उत्तेजित करा, ५१० ला प्रतिदीप्ती (रंगद्रव्याने परत दिलेला प्रकाश) मोजा आणि दोहोंचं गुणोत्तर घ्या. आतला भाग आम्लधर्मी होत गेला की गुणोत्तर घसरतं. पीएच सहाच्या खाली हे रंगद्रव्य जवळजवळ बोलायचं थांबतं, तिथले आकडे ताणू नका.

आता स्वतंत्र क्युव्हेटमध्ये, ढवळत ठेवून, एकेक टाका:

नुसतं इथेनॉल. काही होऊ नये. एकूण इथेनॉल आकारमानाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवा.

नुसतं व्हॅलिनोमायसिन, १०० नॅनोमोलरच्या आसपास. २३० आयन जातात, विभवांतर उभं राहतं, पीएच जवळपास जागेवर. फार तर प्रोटॉनच्या गळतीमुळे हळू घसरण.

नुसतं सीसीसीपी. हा फक्त प्रोटॉनचा वाहक. पीएच दोन्हीकडे सारखा आणि विभवांतर नाही, त्यामुळे प्रोटॉनला ढकलणारं काहीच नाही. रेघ सपाट.

दोन्ही एकत्र. रेघ कोसळते. व्हॅलिनोमायसिनने तयार केलेला ऋणप्रभार प्रोटॉनला आत ओढतो, प्रोटॉन तो प्रभार भरून काढतात, म्हणून पोटॅशियमला पुन्हा बाहेर पडायला वाव मिळतो.

नुसतं निजेरिसिन. एकटंच, आणि रेघ तशीच कोसळते.

हा प्रयोग मला आवडतो तो शेवटच्या दोन रेघांसाठी. दोन वाहकांनी मिळून जी अदलाबदल केली तीच एका वाहकाने केली, आणि दोन्ही वाटा एकाच मुक्कामाला पोचतात: शंभरपट पोटॅशियम म्हणजे शंभरपट प्रोटॉन, पीएच दोन एककांनी खाली. वाटा वेगळ्या आहेत हे कळतं ते मधल्या दोन सपाट रेघांवरून. नवशिके सपाट रेघ आली की प्रयोग फसला असं समजून ती वहीत चिकटवतही नाहीत. तसं करू नका, अर्धं उत्तर त्यांत आहे.

याच मांडणीत अनोळखी रेणू तपासता येतो. तो एकटाच पीएच पाडत असेल तर प्रोटॉनशी अदलाबदल करणारा, प्रभार न साचवणारा वाहक. सीसीसीपीच्या सोबतीनेच पाडत असेल तर विद्युतजनक, मग वाहक असो वा वाहिनी. व्हॅलिनोमायसिनच्या सोबतीनेच पाडत असेल तर तो धातूचा आयन नेतच नाही, प्रोटॉन नेतो. या निष्कर्षाआधी एक शंका मात्र फेडून घ्या: रेणू पटलच फाडत नाही ना? कॅल्सीन हे चमकणारं रंगद्रव्य दाट भरलेले वेगळे लायपोसोम घ्या. कोंडलेलं कॅल्सीन मंद दिसतं, बाहेर सांडलं की उजळतं. उजळलं तर तुमच्या हाती आयनोफोर नाही, डिटर्जंटसारखं काहीतरी आहे.

मग मात्रा बदलून वेग मोजा. वेग मात्रेच्या प्रमाणात वाढला तर एका आयनाला बहुधा एकच रेणू पुरतो. मात्रा दुप्पट केल्यावर वेग चौपट झाला तर दोन रेणू लागत असणार: ग्रॅमिसिडिनसारखी जोडनळी, किंवा ए२३१८७ सारखा दोघांनी मिळून उचललेला आयन.

एक खोड सांभाळायची. हे रेणू तेलप्रिय असल्याने क्युव्हेटच्या भिंतीला आणि चुंबकी ढवळणीला चिकटून बसतात, नुसत्या पाण्याने निघत नाहीत. पुढच्या प्रयोगात इथेनॉललाही प्रतिसाद दिसू लागला तर संशय आधी तिथे घ्या. प्रत्येक वेळी इथेनॉलने अनेकदा विसळा, आणि निजेरिसिनची ढवळणी वेगळीच ठेवा.

पायरी ८: जिवंत पेशीत उतरताना

लायपोसोममध्ये पटल एक आणि पंप शून्य. पेशीत सोडियम-पोटॅशियम पंप सतत उलट्या दिशेने काम करतो, आत अनेक पटलं असतात आणि आयनोफोर त्या सगळ्यांत पसरतो. मोनेन्सिन दिल्यावर गॉल्जी पिंडाच्या पिशव्या फुगतात त्या यामुळेच: आतल्या प्रोटॉनच्या बदल्यात सोडियम शिरतं आणि मागोमाग पाणी. पेशीला कॅल्शियमचा वाहक देऊन आत कॅल्शियम वाढलं म्हणजे ते बाहेरूनच आलं, असंही धरू नका. आयनोमायसिन आंतर्द्रव्य जालिकेतला साठाही मोकळा करतो. बाहेरचं कॅल्शियम ईजीटीएने बांधून तोच प्रयोग परत करा. तरीही वाढ दिसली तर ती साठ्यातली.

जिवाणूंवर काम असेल तर आधी त्यांचं आवरण पाहा. ग्रॅम ऋण जिवाणूंचं बाहेरचं पटल अशा मोठ्या तेलप्रिय रेणूंना अडवतं. ई. कोलायमध्ये व्हॅलिनोमायसिन पोचवायला म्हणूनच ईडीटीएने ते पटल आधी सैल करतात. ग्रॅम धन जिवाणूंना असं संरक्षण नसतं.

फ्युरा-२ या रंगद्रव्याने कॅल्शियम मोजताना अंशांकनासाठी आयनोमायसिन घ्या. ए२३१८७ स्वतःच अतिनील प्रकाशात चमकतो आणि मापनात मिसळतो, त्याचं ब्रोमिन लावलेलं रूप चमकत नाही. आयनोमायसिनला दोन प्रोटॉन सोडल्याशिवाय कॅल्शियम धरता येत नाही, त्यामुळे आम्लधर्मी द्रावणात तो ढिला पडतो. पीएच सातच्या वर ठेवा. आणि शेवटी ईजीटीए टाकताना लक्षात असू द्या की कॅल्शियम पकडताना तेही प्रोटॉन सोडतं. पुरेसा बफर किंवा थोडा अल्कली सोबत दिला नाही तर पीएच उतरतो, आयनोमायसिन सुस्तावतो, ईजीटीएची पकडही सैल होते, आणि किमान कॅल्शियमचं म्हणून लिहिलेलं मूल्य खऱ्यापेक्षा वर राहतं.